फौजेतून घरी आल्यावर: माजी सैनिक आणि पत्नीसाठी घरबसल्या समुपदेशन – पात्रता, कागद, पद्धत

जवान पस्तीस-चाळिशीत पेन्शनीला येतो, तोवर पंधरा-सतरा वर्षं घराचा गाडा बायकोनंच ओढलेला असतो. सोसायटीचं कर्ज, मुलांच्या शाळा, सासू-सासऱ्यांचा दवाखाना, सगळं तिच्या हातचं. सुट्टीवर येणारा नवरा पाहुण्यासारखा असायचा; आता तो कायमचा आलाय. पहाटे पाचला घर उठवतो, प्रत्येक खर्चाचा हिशोब मागतो, नाहीतर दिवसभर गप्प बसून राहतो. ‘फौजी माणूस आहे, असंच असायचं’ म्हणून सगळे झाकतात आणि दारूपर्यंत गोष्ट गेली की मग धावपळ.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्याची ‘व्हेट सेंटर’ नवरा-बायकोला एकत्र बसवून मोफत समुपदेशन करतात. आपल्याकडे ही मदत दोन-तीन ठिकाणी विखुरलेली आहे. कुठे आधी जायचं हे कळलं की अर्धं काम होतं, म्हणून ज्या दाराशी एकही कागद लागत नाही तिथून सुरुवात करू.

टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६, किंवा १८०० ८९ १४४१६. दिवसरात्र चालू, मोफत, आणि भाषांमध्ये मराठीही आहे. १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत, फौजी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी या सेवेचा वेगळा कक्ष उघडला. पात्रतेचा प्रश्नच नाही: फोन पत्नीनं केला तरी चालतो, नवऱ्याला न सांगता केला तरी चालतो. आधार नको, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नको. भाषा निवडा आणि फौजेतली पार्श्वभूमी सुरुवातीलाच सांगा. आधी समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो. माझं मत विचाराल तर पहिला फोन दोघांनी स्पीकर लावून करू नये. एकमेकांसमोर खरं कोण बोलतं? आधी वेगवेगळे बोला, एकत्र बसण्याचं नंतर ठरवा.

डॉक्टरला दाखवायचं असेल, झोप लागत नाही, दचकून उठतात, छातीत धडधडतं अशी लक्षणं असतील, तर ‘सेहत ओपीडी’ आहे. संरक्षण मंत्रालयाची ही ऑनलाइन ओपीडी मे २०२१ मध्ये सुरू झाली. सेवेतले, निवृत्त आणि त्यांची कुटुंबं तिला पात्र. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी भरायचा, रुग्णाची माहिती द्यायची, मग आपला नंबर येईपर्यंत थांबायचं. शेवटी औषधांची चिठ्ठी मोबाइलवरच मिळते. जुने रिपोर्ट असतील तर त्यांचे फोटो आधीच काढून ठेवा.

दीर्घकाळ चालणारे उपचार मात्र ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून. पेन्शन घेणारा माजी सैनिक, त्याची कायदेशीर पत्नी आणि फॅमिली पेन्शन घेणारी विधवा यांना ही योजना लागू आहे. घटस्फोट झाला की पत्नीचा हक्क जातो. १ एप्रिल २००३ नंतर निवृत्त झालेल्यांना सदस्यत्व सक्तीचंच आहे. कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरतात: पीपीओ, डिस्चार्ज बुकातलं (फौज सोडताना मिळालेल्या सेवा-पुस्तिकेतलं) कुटुंबाचं पान, दोघांचे आधार आणि पॅन, फोटो, सही. तपासणी स्टेशन हेडक्वार्टरच्या, म्हणजे त्या भागातल्या लष्करी मुख्यालयाच्या, ईसीएचएस विभागात होते. कार्ड मिळालं की पॉलिक्लिनिकमधून (योजनेच्या दवाखान्यातून) रेफरल, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी, घेऊन योजनेशी जोडलेल्या हॉस्पिटलात मानसोपचारतज्ज्ञाला दाखवता येतं. रेफरलची मुदत असते, तेव्हा तारीख बघूनच निघा. ‘मानसिक’ म्हटलं की पॉलिक्लिनिकच्या रांगेत उभं राहायला संकोच वाटतो, पण तिथे ‘झोप नाही, चिडचिड होते’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

आता खरी अडचण. महाराष्ट्रातले कार्डाचे अर्ज बहुतेक वेळा पत्नीच्या नावावर अडतात. लग्नात नाव बदललेलं. डिस्चार्ज बुकात सुनीता, आधारवर माहेरची मंगल, बँकेत तिसरंच. कधी जन्मतारीख अंदाजे लिहिलेली: ०१ जून! शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली तीच. संगणक दोन नावांना दोन बायका समजतो.

यावर उपाय एकच, फौजेचं रेकॉर्ड दुरुस्त करून घेणं. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर केलेलं प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन, लग्नाचा दाखला, दोघांचा एकत्र फोटो आणि अर्ज घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथून शिफारशीसह अर्ज रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात, जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला. काही ठिकाणी वर्तमानपत्रातली जाहिरातही मागतात. पैसे घालण्याआधी विचारून घ्या. रेकॉर्ड ऑफिसनं ‘पार्ट टू ऑर्डर’ (नोंदीतल्या बदलाचा आदेश) काढली की नाव सुधारलं असं समजा. त्या ऑर्डरची प्रत मागूनच घ्या. फॅमिली पेन्शनच्या वेळीही हाच कागद कामी येतो.

भांडण कोर्टाच्या उंबऱ्यावर आलं असेल तर १५१०० वर फोन करा. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, मध्यस्थीही होते. २६ जुलै २०२५ ला सुरू झालेल्या ‘वीर परिवार सहाय्यता योजने’त सैनिक मंडळांच्या कार्यालयांतच कायदा मदत केंद्रं उघडायची आहेत. मारहाण होत असेल तर मात्र समुपदेशन नंतर. आधी ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१.

आणि सैनिक कार्यालयात जाताना पत्नीला सोबत न्या. ‘ती कशाला, सही मी आणतो’ म्हणणाऱ्यांना दुसरी फेरी पडते. मूळ कागद हातात ठेवा, द्यायला झेरॉक्स.