बागेतली फवारणी आणि मज्जातंतूंमधली फट

गोडी छाटणी झाली की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत फवारणी सुरू होते. बागेत मारलं जाणारं सगळंच सारखं नसतं, बुरशीनाशकं वेगळी. पण ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक अंगात भिनलेला माणूस नाशिकच्या दवाखान्यात आणला, की डॉक्टर औषधाची बाटली मागतात आणि डोळ्यांत बॅटरी मारतात. बारीक झालेल्या बाहुल्या, तोंडातून लाळ, दरदरून घाम, फडफडणारे स्नायू. हे विष मेंदूचे निरोप पोचतात त्या नेमक्या जागी घाव घालतं. ती जागा सापडायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली.

१७९१ मध्ये बोलोन्याच्या गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवरचे प्रयोग छापले: धातू टेकवला की मेलेल्या बेडकाचा पाय झटका देतो, म्हणजे प्राण्याच्या अंगातच वीज आहे. व्होल्टा म्हणाला, वीज धातूंची. आणि १८०० मध्ये त्याने बॅटरीच करून दाखवली. थोडं थोडं खरं दोघांचंही होतं. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने बेडकाच्या मज्जातंतूतून जाणाऱ्या निरोपाचा वेग मोजला: सेकंदाला साधारण २७ मीटर. तारेतल्या विजेपुढे हे रांगणंच. कारण इथे सोडियम पेशीत शिरतं, मागोमाग पोटॅशियम बाहेर पडतं आणि ही उलथापालथ तंतूभर पुढे सरकते. त्याचं गणित हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये मांडलं.

पण एक पेशी संपते तिथे काय होतं? इटलीचा शास्त्रज्ञ गोल्गी याच्या मते सगळं एकसंध जाळं होतं. स्पेनच्या काहालने गोल्गीचीच रंगवण्याची पद्धत वापरून पेशी सुट्या असल्याचं दाखवलं. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, तर गोल्गीने नोबेलच्या भाषणातही काहालचं म्हणणं खोडायचा प्रयत्न केला!

मधली फट निरोप ओलांडतो कसा, ते ओटो लोवीने १९२१ मध्ये दाखवलं. बेडकाच्या एका हृदयाचा व्हेगस हा मज्जातंतू चेतवून त्याने ठोके मंदावले, भोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. म्हणजे फटीपाशी विजेचं काम रसायन करतं. ते ॲसिटिलकोलीन. काम झालं की एक एन्झाइम त्याचे तुकडे करतं. ऑरगॅनोफॉस्फेट या एन्झाइमलाच जखडतं, आणि निरोप थांबतच नाहीत. उपचारातलं ॲट्रोपिन ॲसिटिलकोलीनची वाट अडवतं. एन्झाइम सोडवणारं 'पॅम' हे औषध मात्र लवकर द्यावं लागतं.

लोवीला नोबेल मिळालं १९३६ मध्ये, हेन्री डेलसोबत. त्याच वर्षी जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशक शोधता शोधता टाबून या जहाल विषापर्यंत पोचला. टाबून लष्कराने घेतलं. त्याच कुळातली पॅराथिऑनसारखी औषधं शेतात उतरली.