खलाशांनी राखलेले मनोरे

इंग्लंडच्या केंट परगण्यात, थेम्स नदीच्या मुखाजवळ, रिकल्व्हर नावाचं ठिकाण आहे. तिथे समुद्राच्या अगदी काठावर दोन दगडी मनोरे जोडीने उभे आहेत. मनोऱ्यांमधल्या दारातून आत जावं, तर आत चर्चच नाही. भिंतींच्या तुटक्या रेषा, थोडं गवत आणि पुढे पाणी.

मनोरे बाराव्या शतकाच्या अखेरचे आहेत. चर्च त्याहून पाचशे वर्षं जुनं होतं. इ.स. 669 मध्ये केंटचा राजा एगबर्ट याने बासा नावाच्या धर्मगुरूला मठ बांधायला ही जागा दिली. जागा होती एका ओसाड रोमन किल्ल्याच्या आत, त्यामुळे बांधकामाचं सामान हाताशीच होतं. उरलेल्या भिंतींत आजही चपट्या, लाल रोमन विटांचे थर दिसतात. चर्चची जमीनही लालसर होती, कारण तिच्या चुन्यात विटांची भुकटी मिसळली होती. आपल्याकडे वाड्यांच्या बांधकामात चुन्यात सुरखी घालत, तीच ही युक्ती. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि ओलाव्यातही टिकणारा घट्ट गिलावा तयार होतो.

असं पक्कं बांधकाम गेलं कशामुळे? पायाखालची जमीनच गेली म्हणून. रोमनांनी किल्ला बांधला तेव्हा समुद्र सुमारे दीड किलोमीटर लांब असावा, असा अंदाज आहे. सोळाव्या शतकात, राजा आठव्या हेन्रीच्या काळात, जॉन लेलँड हा प्रवासी इथे आला, तेव्हा त्याने हे अंतर पाव मैल, म्हणजे साधारण 400 मीटर, नोंदवलं. आणि एकोणिसावं शतक उजाडता उजाडता चर्चच्या आवाराचा काही भाग पाण्यात गेला. लेलँडपासूनचा हिशेब केला, तर समुद्र दरवर्षी सरासरी दीड मीटर पुढे सरकला.

पण इथे सरासरी फसवी असते. या किनाऱ्याचे कडे कातळाचे नाहीत. ते वाळूचे आणि चिकणमातीचे आहेत, पाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेले. जवळच्या बेल्टिंजच्या किनाऱ्यावर ओहोटीला त्या काळच्या शार्कचे दात सापडतात. अशा कड्याचा पायथा लाटा पोखरतात, वरून पावसाचं पाणी मुरून माती जड होते, आणि एके दिवशी मोठा लचका खाली येतो. मग काही काळ सगळं शांत असतं, कारण पडलेला ढिगाराच पायथ्याला आडोसा देतो. लाटांनी तो ढिगारा वाहून नेला, की पुन्हा पायथा उघडा पडतो. काठावर राहणाऱ्या माणसाला मधली शांतताच जास्त दिसते, आणि मला वाटतं, चर्च वाचवायला उशीर झाला त्याचं हे एक कारण असणार. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल इथे आला तेव्हा कड्याच्या वरच्या भागातून माणसांची हाडं आणि लाकडी शवपेटीचा तुकडा बाहेर डोकावत होता. समुद्र जमीन कशी खातो याचं उदाहरण म्हणून त्याने रिकल्व्हर निवडलं.

1809 मध्ये चर्च पाडलं गेलं. पाडलं ते चर्चच्या आपल्याच लोकांनी, आणि त्याचे दगड किनाऱ्यापासून आत असलेल्या हिलबरोला नव्या चर्चसाठी नेले. बाराशे वर्षांजवळ पोचलेली वास्तू अशी दगडांच्या भावात गेली, याची हळहळ वाटते. आतल्या कमानींना तोलून धरणारे दोन उंच खांब नंतर शोधून परत मिळवले गेले. ते आता कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये आहेत.

मनोरे मात्र राहिले, ते खलाशांमुळे. थेम्सच्या मुखाशी पाण्याखाली वाळूचे दांडे पसरलेले आहेत. सपाट किनाऱ्यावर दुरून ओळखू येणारी खूण नसेल, तर जहाज कुठे आहे हेच कळत नाही. शिवाय एकासारखे एक दोन मनोरे असले, की बाजू बदलली तसं त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त दिसतं, आणि त्यावरून दिशेचा अंदाज बांधता येतो. खलाशी त्यांना ‘दोघी बहिणी’ म्हणत. दीपगृहांची व्यवस्था पाहणाऱ्या ट्रिनिटी हाऊसने 1810 मध्ये मनोरे विकत घेतले आणि पायथ्याशी दगडांचा बांध घातला. 1819 च्या वादळात त्यांचे लाकडी कळस उडाले, तेव्हा खूण ओळखू यावी म्हणून त्यांच्या जागी तशाच आकाराचे सांगाडे चढवले.

बांध घातला की समुद्र थांबतो, पण फक्त तेवढ्या जागी. पश्चिमेकडच्या ज्या कड्यांना बांध नाही, ते अजून ढासळतात. भिंगऱ्यांच्या कुळातले सँड मार्टिन पक्षी तिथल्या वाळूत बिळं करून पिल्लं वाढवतात. त्यांना ताजा तुटलेला, उभा कडाच लागतो. ढासळणं थांबलं, तर त्याच कड्यावर गवत चढेल आणि त्यांना घर करायला जागा उरणार नाही.