पुण्याहून कर्नाटकात माल पाठवताना

नमस्कार,

भोसरीत भरलेली गाडी आज कागल-कोगनोळी ओलांडून थेट हुबळीत खाली होते. २०१० पासून नॅशनल परमिटच्या गाडीला राज्याराज्याचा कर वेगळा भरावा लागत नाही. वर्षाचे १६,५०० रुपये एकदाच भरायचे, ते केंद्र सरकार राज्यांना वाटून देते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाकेही उठले. शेजारच्या राज्यांनी एकमेकांचे कागद मानले याचा आम्हा छोट्या ट्रान्सपोर्टवाल्यांना फार मोठा आधार झाला. आता गाडी अडते ती बहुतेक वेळा ई-वे बिलावर, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीच्या व्यवस्थेत ऑनलाइन काढायच्या कागदावर.

राज्याबाहेर ५०,००० रुपयांवरचा माल निघाला की ई-वे बिल लागते. जॉबवर्कसाठी, म्हणजे आपल्या मालावर दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, बेळगावला कास्टिंग (ओतीव भाग) पाठवत असाल, तर किंमत त्याहून कमी असली तरी लागतेच. हे पुष्कळांना ठाऊक नसते. बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. बंगळूर साधारण ८४० किलोमीटर, म्हणजे पाच दिवस. ही मुदत सुरू होते बिलाच्या पार्ट बीमध्ये, म्हणजे गाडीच्या तपशिलाच्या भागात, गाडीचा नंबर पहिल्यांदा पडतो तेव्हा. म्हणून नंबर भरायची घाई कृपया करू नका. तुमच्या कारखान्यापासून आमचे गोदाम ५० किलोमीटरच्या आत असेल, तर तेवढ्या अंतरासाठी पार्ट बीची गरजच नाही. तुम्ही पार्ट ए, म्हणजे मालाच्या तपशिलाचा भाग, भरा, त्यात आमचा ट्रान्सपोर्टर आयडी (ट्रान्सपोर्टवाल्याचा नोंदणी क्रमांक) टाका. लांबची गाडी भरून झाली की नंबर आम्ही टाकू. गाडी खंबाटकी घाटात बंद पडून माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागला, तर नवा नंबरही आम्हीच टाकतो.

बेळगाव-हुबळीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांशी आमचा ठराव आहे. आमची गाडी तिकडे खाली झाली की परतीचा माल ते देतात, त्यांची गाडी मार्केट यार्डात खाली झाली की आम्ही. रिकाम्या फेरीचे डिझेल आणि टोल शेवटी तुमच्याच भाड्यात चढतात. ते वाचते म्हणून पार्ट लोडचा, म्हणजे पूर्ण गाडी न भरणाऱ्या मालाचा, दर आम्हाला उतरवता येतो. त्यासाठी गाडी ठरल्या वेळी भरून मिळायला हवी. ती तुमच्या गेटवर खोळंबली तर तिकडचा परतीचा माल दुसरा कोणी उचलतो.

कर्नाटक पासिंगच्या गाडीत पुणे-कोल्हापूर माल चढवा, असा आग्रह मात्र धरू नये. नॅशनल परमिटवर परराज्यातल्या दोन गावांमध्ये माल नेता येत नाही. कोल्हापूरसाठी आपल्याकडची गाडी लावू.

बुकिंगच्या वेळी इन्व्हॉइस, वजन आणि पोहोचण्याच्या ठिकाणचा पिनकोड द्यावा.