भीतीआधीचा दचका

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात चार्ल्स डार्विनने पफ अ‍ॅडर या जहाल विषारी सापासमोर स्वतःवरच एक प्रयोग केला. मध्ये जाड काच होती. साप अंगावर आला तरी जागचं हलायचं नाही, असं ठरवून त्याने चेहरा काचेजवळ नेला. सापाने झेप घेतली मात्र, डार्विन क्षणात यार्ड-दोन यार्ड मागे उडाला. काच आहे हे ठाऊक होतं, निर्धार पक्का होता. दोन्हींचा उपयोग झाला नाही. १८७२ साली भावनांवरच्या पुस्तकात त्याने हा प्रसंग लिहून ठेवला.

पुढच्या शतकात एक गोष्ट स्पष्ट होत गेली. दचकणं आणि घाबरणं या शरीराच्या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि दचकायला भीतीची गरजच नसते.

पाठीमागे अचानक फटाका वाजला की आधी पापण्या मिटतात, मग मान पुढे येते, खांदे वर जातात, कोपरं आणि गुडघे वाकतात. अमेरिकेत कार्नी लँडिस आणि विल्यम हंट यांनी पिस्तुलाचे बार काढून माणसांचं वेगवान चित्रीकरण केलं, तेव्हा हा साचा जवळपास सगळ्यांत सारखाच निघाला. सराईत नेमबाजांच्याही पापण्या मिटत होत्या.

आवाजानंतर पापणी हलायला ३० ते ५० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात आवाज कसला होता हे ठरवायला सवड कुठली? वाटच आखूड आहे. कानातला संदेश मस्तिष्कस्तंभातल्या, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागातल्या, मोठ्या चेतापेशींच्या एका पुंजक्यात जातो आणि तिथून थेट मज्जारज्जूत उतरतो. मायकेल डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये उंदरांत ही वाट मांडली. विचार करणारा मेंदू तिच्यात कुठेच लागत नाही.

मग भीती काय करते? ती दचक्याचा जोर वाढवते. दिवा लागला की विजेचा झटका बसतो, हे उंदरांना शिकवलं, तर नंतर दिवा चालू असताना तोच आवाज ऐकून ते जास्त जोरात उडतात. हे १९५१ मध्येच दिसलं होतं. हा वाढीव जोर अमिग्डाला नावाच्या, मेंदूतल्या बदामाच्या आकाराच्या भागाकडून येतो. तो निकामी केलेले उंदीर दचकायचे थांबले नाहीत. झटक्याच्या धास्तीने वाढणारा भाग तेवढा नाहीसा झाला. या विषयातला हा मला सर्वांत सुंदर पुरावा वाटतो. एरवी एकच भासणारा अनुभव इथे स्वच्छ दोन ठिकाणी सुटा होतो.

अंधारात माणसाचा दचका वाढतो, हेही प्रयोगांत मोजलं गेलं आहे. उंदीर निशाचर, म्हणून त्यांचा दचका झगझगीत उजेडात वाढतो! काळजात धस्स होणं, घाम फुटणं हे सगळं दचक्याच्या मागून येतं. युद्ध, अपघात किंवा अत्याचार सोसलेल्या काहींमध्ये हा दचका दीर्घकाळ वाढलेलाच राहतो आणि मानसोपचारतज्ज्ञ ते आघातानंतरच्या ताणविकाराचं एक लक्षण मानतात. अशा माणसाला भित्रा म्हणणं हा अन्याय आहे.

तान्हं बाळ हात फेकून दचकलं की आपल्याकडे मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात. ती मोरो प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि चार ते सहा महिन्यांत मावळते. नवजात बाळात ती दिसलीच नाही तर डॉक्टर काळजीत पडतात.

क्वचित एखादं बाळ मात्र जरा आवाज झाला, नाकाच्या शेंड्यावर टिचकी लागली, तरी जोराने दचकतं आणि लाकडासारखं ताठ होतं. हा हायपरएक्प्लेक्सिया. दचक्याला आवर घालणाऱ्या ग्लायसिन या रसायनाचा संदेश चेतापेशींना नीट पोचत नाही. त्यामागचं एक जनुक १९९३ मध्ये सापडलं. हा आजार अपस्मार समजला जाण्याचा धोका असतो. क्लोनाझेपाम या औषधाचा त्यावर चांगला उपयोग होतो. ताठरलेल्या बाळाचा श्वास अडकला, तर डोकं आणि पाय पोटाकडे वाकवून धरल्याने तो झटका थांबू शकतो. अशा बाळाच्या आईवडिलांना डॉक्टर ही युक्ती हाताने करून दाखवतात.