ईस्टलीचा गॉर्डन-कीबल मोटार कारखाना

इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातील ईस्टली या गावी १९६४-६५ मध्ये चाललेला मोटारगाड्यांचा कारखाना. येथे आणि नंतर शेजारच्या साउदॅम्प्टनमधील शोलिंग भागात मिळून ‘गॉर्डन-कीबल’ नावाच्या अवघ्या ९९ गाड्या तयार झाल्या. गाडीत खोट नव्हती. कारखाना बुडाला तो किमतीचा हिशेब चुकल्यामुळे आणि बाहेरून येणारे सुटे भाग वेळेवर न मिळाल्यामुळे. थोड्या भांडवलावर उत्तम गाडी काढू पाहणाऱ्या कारखान्यांपुढे काय वाढून ठेवलेले असते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

ईस्टली हे मुळात रेल्वेचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेने येथे डबे बांधण्याची कर्मशाळा उभारली, पुढे इंजिनांचीही आली आणि गाव तिच्याभोवती वाढले. गावाला लागूनच विमानतळ आहे. स्पिटफायर या लढाऊ विमानाने पहिले उड्डाण केले ते ५ मार्च १९३६ रोजी, येथूनच. गॉर्डन-कीबलचा कारखाना याच विमानतळाच्या आवारात थाटला गेला. ओतकाम, सुतारकाम, पत्र्याचे काम यांत मुरलेले हात या पट्ट्यात मुबलक होते.

गाडीचा जन्म मात्र ईस्टलीत झालेला नाही. जॉन गॉर्डन हे स्लाउ येथील पीअरलेस या कंपनीतले. ट्रायम्फ या ब्रिटिश मोटार कंपनीचे इंजिन वापरून चार माणसे बसतील अशी वेगवान गाडी ती कंपनी काढत असे. जिम कीबल हे इप्सविचचे अभियंते; त्यांचे तेथे गॅरेज होते. अमेरिकन हवाई दलातील एका वैमानिकाने कीबल यांच्याकडे आपली पीअरलेस आणली आणि तिच्यात शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स गाडीचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवून मागितले. जोडणी जमली. एवढे दांडगे इंजिन हलक्या गाडीत नीट बसते आणि चालते, हे दिसल्यावर गॉर्डन आणि कीबल यांनी स्वतःचीच गाडी काढायचे ठरवले.

नव्या गाडीचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार झाला आणि तिची काया घडवण्यासाठी तो इटलीत तुरीनला, बेर्तोने यांच्या कर्मशाळेत गेला. तेथे रेखाटन केले ते जोर्जेतो जुजारो या एकवीस वर्षांच्या तरुणाने. पुढे जगातल्या सर्वांत नामवंत मोटार-रचनाकारांत गणला गेलेला हाच तो जुजारो. पुढचे चार दिवे त्याने जोडीजोडीने तिरपे बसवले आणि छताची रेघ मागे सरळ, नेमकी उतरवली. कुठेही अनाठायी नक्षी नाही. मार्च १९६० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही पहिली गाडी बेर्तोनेच्या मांडवात उभी राहिली आणि तिचे कौतुक झाले. मग ती अमेरिकेत डेट्रॉइटला नेण्यात आली. शेव्हरोलेच्या तंत्रज्ञांनी ती तपासली आणि एक हजार इंजिने व गिअरबॉक्स पुरवायला कंपनी तयार झाली. दोन-चार माणसांच्या उद्योगासाठी एवढा होकार म्हणजे फार मोठी गोष्ट होती.

तरीही कारखाना उभा राहायला आणखी चार वर्षे गेली, कारण भांडवल नव्हते. जोवेट या मोटार कंपनीच्या कारभारात पूर्वी असलेले उद्योजक जॉर्ज वॉन्सबरो पुढे आले, तेव्हा कुठे गॉर्डन-कीबल लिमिटेड ही कंपनी आकाराला आली आणि १९६४ मध्ये विक्री सुरू झाली.

कंपनीचे चिन्ह कासव आहे. आवारात गाडीची छायाचित्रे काढली जात असताना कोणाचे तरी पाळीव कासव रांगत चौकटीत आले. ताशी सुमारे २२० किलोमीटर वेगाने पळणारी गाडी आणि शेजारी कासव, हा विरोध सगळ्यांना इतका आवडला की तेच बोधचिन्ह ठरले. मालक मंडळी आजही गाडी ओळखतात ती त्या कासवावरून.

गाडीच्या बांधणीकडे जरा जवळून पाहायला हवे. पोलादी पत्र्याची काया बनवायची तर प्रत्येक भागासाठी अवजड साचे लागतात, आणि त्यांचा खर्च हजारोंच्या संख्येने गाड्या विकल्या तरच भरून निघतो. म्हणून बेर्तोनेने पत्र्यात घडवलेला आकार ईस्टलीच्या गाड्यांसाठी फायबरग्लासमध्ये उतरवला गेला : साच्यात काचतंतूंची चटई अंथरायची, तिच्यावर राळ चढवायची, थर घट्ट झाला की सोडवून घ्यायचा, मग घासून रंगवायचा. साचा स्वस्त पडतो, पण प्रत्येक गाडीमागे हाताचे काम वाढते. या कायेखाली चौकोनी पोलादी नळ्या सांधून केलेला सांगाडा होता. मागे द दियाँ पद्धतीचा आस बसवला होता. या रचनेत अंतिम गिअरचे (इंजिनाची फिरकी मागच्या चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी चक्रांचे) ओझे चाकांवर न येता सांगाड्यावर राहते, त्यामुळे खडबडीत रस्त्यावरही चाके जमिनीला अधिक चांगली धरून राहतात. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. इंजिन ५.४ लिटरचे, ३०० अश्वशक्तीचे. चालकासमोर विमानाच्या कक्षासारखी गोल तबकड्यांची आणि खटक्यांच्या बटणांची रांग होती. एवढ्या वेगाच्या गाडीत चार मोठी माणसे आणि त्यांचे सामान मावत असे, हे त्या काळी विरळाच होते.

आता किंमत. कंपनीने ती २,७९८ पौंड ठेवली. त्याच सुमारास ॲस्टन मार्टिनची डीबी५ चार हजार पौंडांच्या वर जात होती. गिऱ्हाइकाला सौदा फायद्याचा होता, कारखान्याला नव्हता. हातकामावर बेतलेल्या, अमेरिकेतून इंजिन मागवणाऱ्या कारखान्याला या किमतीत काही उरत नसे. आणि गाठीशी काही नसले की पहिला धक्कासुद्धा पेलत नाही. तो धक्का स्टीअरिंगच्या रूपाने आला. स्टीअरिंग बॉक्स पुरवणाऱ्या कारखान्यात संप झाला आणि पुरवठा थांबला. बाकी सगळे जागच्या जागी बसलेले, रंग चढलेला, पण स्टीअरिंगवाचून गाडी दाराबाहेर निघत नाही. विकता येत नाही म्हणजे पैसा येत नाही. पगार आणि देणी मात्र ठरल्या दिवशी पुढे उभीच. १९६५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तोवर ८० ते ९० च्या दरम्यान गाड्या बाहेर पडल्या होत्या.

हॅरॉल्ड स्मिथ आणि जेफ्री वेस्ट यांनी शिल्लक माल विकत घेऊन कीबल कार्स या नावाने शोलिंगमध्ये पुन्हा काम सुरू केले. किंमत आता जवळपास ४,००० पौंडांवर नेली. खर्चाच्या मानाने ती रास्त होती. मात्र एकदा बुडालेल्या कंपनीची गाडी एवढे पैसे मोजून घ्यायला फारसे कोणी धजावले नाही. १९६६ मध्ये हेही काम थांबले. दोन वर्षांनी जॉन द ब्रॉयन या अमेरिकन गृहस्थाने गाडीचे हक्क घेऊन स्वतःच्या नावाने ती न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली, पण उत्पादन सुरू झाले नाही. उरलेल्या सुट्या भागांतून शंभरावी गाडी जुळवण्यात आली.

शंभरांपैकी नव्वदहून अधिक गाड्या अजून शाबूत आहेत. एवढे प्रमाण फार थोड्या मोटारींच्या वाट्याला येते. फायबरग्लासची काया गंजत नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे इंजिनात आहे : शेव्हरोलेची ही इंजिने अमेरिकेत लाखोंनी बनली, त्यामुळे त्यांचे सुटे भाग आजही सहज मिळतात. मालकांची संघटना एकेका गाडीची नोंद ठेवते, आणि मेळाव्यांना या गाड्या स्वतःच्या चाकांवर चालत येतात.