मास्क म्हणजे चाळणी नव्हे, जळमट

31 मार्च 2022, गुरुवार. राज्यातले कोविडचे सगळे निर्बंध उठणार आणि मास्क ऐच्छिक होणार ही बातमी आली, दोन दिवसांवर गुढीपाडवा, त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर शोभायात्रेचे मेसेज आणि भांडण दोन्ही एकदमच सुरू झालं. एक पार्टी म्हणत होती "मास्क हे आधीपासूनच थोतांड होतं", दुसरी म्हणत होती "आता बघा, चौथी लाट येतेय". मला गंमत याची वाटली की दोन्ही पार्ट्या एकच गोष्ट धरून बसल्या होत्या, की नियम गेला म्हणजे मास्कचा काही उपयोग नव्हता असं सरकारनेच कबूल केलं. पण नियम मंत्रालयात ठरतो आणि कपड्याच्या धाग्याला हवेतला कण चिकटणार की नाही हे जीआर वाचून ठरत नाही.

त्या भांडणात एक जुना फॉरवर्ड परत आलाच, तुम्हालाही आला असेल. व्हायरस 0.1 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मास्कची भोकं त्याच्या कितीतरी पट मोठी, म्हणजे डास अडवायला लोखंडी गेट लावल्यासारखं. ऐकायला एकदम पटतं, आणि तरी चूक आहे, कारण मास्क चाळणीसारखा काम करतच नाही. घराच्या कोपऱ्यातलं जळमट बघा. त्याची भोकं धुळीच्या कणापेक्षा केवढी मोठी, तरी महिन्याभरात ते धुळीने काळं होतंच ना? तसंच आहे हे. एन95 मास्कमध्ये पॉलिप्रॉपिलिन नावाच्या प्लास्टिकच्या अतिबारीक तंतूंचं अस्ताव्यस्त जाळं असतं, थरावर थर, हवा त्यातून वळणं घेत जाते. मोठा कण जड असतो, त्याला वळण जमत नाही, तो सरळ जाऊन तंतूवर आपटतो. एकदम बारीक कणाला हवेचे रेणू सतत धक्के मारत असतात म्हणून तो दारुड्यासारखा झोकांड्या खात जातो आणि कुठेतरी धडकतोच. पकडायला सगळ्यात अवघड असतो तो मधला, साधारण 0.3 मायक्रॉनचा, आणि म्हणून टेस्ट त्याच्यावरच घेतात, त्यातले निदान 95 टक्के अडले पाहिजेत. शिवाय व्हायरस हवेत एकटा नागडा फिरत नाही, तो थुंकीच्या आणि श्वासातल्या बारीक थेंबांत बसून येतो.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या आईने ती नकळत मोडीत काढली होती. या तंतूंवर बराच काळ टिकणारा विद्युतभार बसवलेला असतो, केसांवर घासलेला फुगा जसे कागदाचे कपटे ओढतो तसे हे तंतू कण ओढून घेतात. त्यामुळेच तर मास्क इतका पातळ असून श्वास घेता येतो आणि कणही अडतात. आमच्या मातोश्रींनी 2021 मध्ये माझे दोन एन95 साबणाच्या पाण्यात खसाखसा धुऊन गॅलरीत दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. दिसायला नवेकोरे, पण साबणाने आणि सॅनिटायझरच्या अल्कोहोलने तो भारच उतरतो आणि उरतं ते नुसतं कापड. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग काय घाणेरडाच घालायचा?" पॉइंट होता तिचा. (उत्तर: दोन-चार मास्क कागदी पिशवीत ठेवून आलटून पालटून वापरायचे.)

मग प्रयोगात काय दिसलं? बांगलादेशात 600 गावांमधे मोठा प्रयोग झाला, काही गावांत मास्क वाटले, लोकांच्या मागे लागले, काहींत नाही. वापर 13 वरून 42 टक्क्यांवर गेला, म्हणजे तरीही निम्म्याहून जास्त लोक बिनमास्कचेच. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणं असलेला आणि रक्ततपासणीत सिद्ध झालेला कोविड साधारण 11 टक्क्यांनी कमी दिसला, साठीच्या पुढच्यांमधे 35 टक्क्यांनी. त्याआधी डेन्मार्कमधे 6000 लोकांवर प्रयोग झाला, तिथे मास्कवाल्यांत 1.8 टक्के आणि बाकीच्यांत 2.1 टक्के लोकांना लागण झाली, फरक इतका कमी की योगायोगही असू शकतो. पण सांगितल्याप्रमाणे मास्क पूर्णपणे वापरला असं म्हणणारे निम्मेही नव्हते आणि आजारी माणसाने घातला तर समोरचा वाचतो का हे त्यात तपासलंच नव्हतं. एका पार्टीने बांगलादेश उचललं, दुसरीने डेन्मार्क, आणि भांडण चालूच. "मास्क काम करतो का" आणि "मास्कची सक्ती काम करते का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत हो, हेल्मेट डोकं वाचवतं पण आरशाला लटकवलेलं हेल्मेट काय वाचवणार.

आणि सक्तीबद्दल लोकांची चिडचिड मला तरी चूक वाटत नाही. जानेवारी 2022 ची ओमायक्रॉनची लाट आठवा, मुंबईत दिवसाला 20 हजारावर केसेस, तेव्हा संध्याकाळी 5 नंतर बीच, मैदानं, बागा बंद, आणि हॉटेलं 50 टक्के क्षमतेने चालू! हवा कळली असती तर बरोबर उलटं केलं असतं. श्वासातले बारीक थेंब अगरबत्तीच्या धुरासारखे असतात, बंद खोलीत एक काडी लावली तरी सगळीकडे पसरते, चौपाटीवर पुडा पेटवला तरी दोन हात लांबच्याला पत्ता लागत नाही. पण दंड कुठे? तर रस्त्यावर एकट्याने चालणाऱ्याला, 200 रुपये. आणि हॉटेलात मास्क दारापासून टेबलापर्यंत, बसलं की काढा, जणू व्हायरस उभ्या माणसालाच धरतो.

म्हणून एप्रिलमधे नियम उठला ते माझ्या मते ठीकच झालं, केसेस तळाला होत्या, बहुतेक मोठ्या माणसांचं लसीकरण झालेलं, वर ओमायक्रॉन बऱ्याच जणांना होऊन गेलेला. दिल्लीने त्याच सुमारास दंड काढला आणि तीन आठवड्यांत 500 रुपयांचा दंड परत आणला. त्याआधी इंग्लंडनेही जुलै 2021 मधे मास्कची सक्ती उठवून नोव्हेंबरअखेर दुकानांत आणि ट्रेनमधे परत आणली होती. लोक याला गोंधळ म्हणाले, पण पाऊस आला की छत्री आणि थांबला की बंद, यात कसला गोंधळ? चुकलं ते एवढंच, की "मास्कमुक्ती" असा जल्लोष झाला आणि बंद खोलीतल्या हवेबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

मी मागे एक छोटं कार्बन डायऑक्साइड मीटर घेतलंय. बाहेरच्या हवेत ते 420 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) आसपास दाखवतं, खोलीत आकडा जितका वर तितकी आपण दुसऱ्यांनी सोडलेली हवा जास्त ओढतोय. परवा आईला घेऊन एका दवाखान्यात गेलो, पंधरा माणसं, एसी चालू, खिडक्या बंद, निम्मे खोकतायत, मीटरवर 1900. मी खिशातला मास्क काढून घातला, आईला दिला. शेजारचे काका दचकून म्हणाले, "का हो, परत आला का?" मीटर दाखवलं तर त्यांनी उठून खिडकीला हिसका मारला, रंगाने चिकटलेली, तिसऱ्या हिसक्याला उघडली. आमचा नंबर येईपर्यंत आकडा 1100 वर आला होता आणि एसी वाया जातो म्हणून रिसेप्शनवाली वैतागली होती.