टाउनलँड म्हणजे गाव नव्हे, आणि वाडी तर त्याहून नव्हे

परवा पुन्हा तेच झालं. डब्लिनमधल्याच एका ओळखीच्या मुलीने विचारलं, "तुझ्या सासरचं टाउन केवढं आहे गं?" मी म्हटलं, सात. "सात हजार?" नाही बाई, सात. सात माणसं, बाकी गाई, मेंढ्या आणि पाऊस. त्यावर ती म्हणाली, "अच्छा, म्हणजे आपल्याकडच्या वाडीसारखं," आणि मी कपाळावर हात मारला, कारण हे दुसरं उत्तर पहिल्याइतकंच चुकीचं आहे आणि जरा वाचन असलेले सगळे नेमकं हेच देतात. लग्नानंतर चार वर्षं मीही हेच देत होते, वर आईलाही तेच शिकवलं. तर आयर्लंडमधलं टाउनलँड म्हणजे नेमकं काय, हे आता एकदाच लिहून टाकते.

गावाचं फार सांगत बसत नाही. आयर्लंडमधलं व्हिलेज म्हणजे आपल्या डोळ्यासमोर गाव म्हटल्यावर जे येतं साधारण तेच, एक चर्च, दोन पब (आणि पूर्वी पाच होते हे सांगणारा एक म्हातारा), शाळा, एक दुकान ज्याच्या दारातच पेट्रोल पंप, गेलिक फुटबॉलचं मैदान, नशीब असेल तर अजून चालू असलेलं पोस्ट. आत शिरताना पाटी, वर तिरप्या अक्षरात आयरिश नाव आणि खाली इंग्रजी. टाउन म्हणजे याच्यावरची पायरी, सुपरमार्केट आणि गुरांचा बाजार असलेलं, तालुका समजा. इथे कोणी अडखळत नाही.

अडखळतात ते टाउनलँडला, कारण त्या शब्दात टाउन आहे आणि तिथे टाउन सोडाच, बस स्टॉपसुद्धा नाही.

टाउनलँड म्हणजे वस्ती नाही, ती जमीन आहे. नाव असलेली, हद्द असलेली, क्षेत्रफळ मोजलेली जमीन, बास. अख्खं बेट, उत्तर आयर्लंडसकट, अशा साठ हजारांहून जास्त तुकड्यांत कापलेलं आहे, सरासरी तुकडा साधारण सव्वातीनशे एकरांचा, पण काही दोन-चार एकरांचे आणि काही हजारो एकरांचे डोंगरच्या डोंगर. डब्लिन शहराच्या डांबराखालीसुद्धा टाउनलँड्स आहेत, तिथे फक्त त्यांची कोणाला गरज पडत नाही. एखादं व्हिलेज दोन-तीन टाउनलँड्सवर पसरलेलं असतं आणि त्यातल्याच एकाचं नाव व्हिलेजला मिळालेलं असतं, मग "मी अमुकचा" म्हणणारा माणूस दुकानाजवळ राहतो की दुकानापासून तीन किलोमीटरवरच्या त्याच नावाच्या शेतात, हे त्यालाच विचारावं लागतं.

सातबारा पाहिलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळेल. वर "मौजे" लिहिलेलं असतं ना, त्या मौज्यातून गावठाण वजा करा, उरलं ते शिवार, टाउनलँडच्या सगळ्यात जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट म्हणजे ते शिवार.

आणि म्हणून वाडी नाही. वाडी माणसांनी होते. चार घरं, एक विहीर, बहुतेक एकच भावकी, एकच काम करणारे किंवा एकाच समाजाचे लोक, म्हणून ती सुतारवाडी किंवा बौद्धवाडी, सगळे उठून मुंबईला गेले की वाडी ओसाड पडते आणि दोन पिढ्यांत नावही जातं. टाउनलँडला माणूस लागतच नाही. आमच्या शेजारच्या टाउनलँडमध्ये एक माणूस राहत नाही, एक छप्पर उडालेलं घर आहे ज्यात मेंढ्या पावसाला उभ्या राहतात, आणि तरी त्याचं नाव, हद्द, नकाशातली जागा सगळं जिथल्या तिथे. वाडी घरं मोजून सांगायची, टाउनलँड एकर मोजून. हा एवढाच फरक आहे पण यावर बाकीचं सगळं उभं आहे.

मला स्वतःला हे कळलं ते आई आली तेव्हा. ऑगस्टमध्ये पहिल्या सोमवारची सुट्टी असते, ती धरून आम्ही दरवर्षी नवऱ्याच्या घरी मेयोला, म्हणजे पश्चिमेकडच्या एका काउंटीत (आपला जिल्हा), जातो, डब्लिनहून लाँगफर्डपर्यंत एन४ आणि पुढे एन५, तीन-साडेतीन तास, आणि शेवटचा तुकडा असा की मधोमध गवत उगवलेल्या रस्त्यावर २०२५ पर्यंत कायद्याने ८० ची मर्यादा होती, आता ६० केलीय, तिथे ४० ने गेलं तरी देव आठवतो. तर आई पोचली, चहा झाला, आणि म्हणाली, "चल, जरा गावात चक्कर मारून येऊ." गावात म्हणजे कुठे? दाराबाहेर सगळीकडे हिरवं, लांब एक घर, त्याच्याही पलीकडे एक. तिला वाटत होतं की वळणापलीकडे देऊळ, पार, चार दुकानं असं काहीतरी असेल आणि आमचं घर जरा मळ्यात आहे.

सासरे तिला घेऊन निघाले, मी दुभाषी. अर्धा किलोमीटर चालून एका चराजवळ थांबले, दोन हात रुंद चर, तळाला पाणी, काठाला फुशिया फुललेली, काठी पलीकडे टेकवून म्हणाले, हे आता वेगळं टाउनलँड. आई म्हणाली, "काय वेगळं आहे? गवत तर तेच." मी भाषांतर केलं. सासरे हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की त्या बाजूच्या लोकांची पीट (जळणासाठी वाळवतात ती दलदलीतली माती) कापायची जागा वेगळ्या बॉगमध्ये, म्हणजे दलदलीत, आहे, त्यांच्या आजोबांच्या वेळी जमीनदारही वेगळा होता, आणि तिथली मुलगी करून आणली तेव्हा आजी तिला मरेपर्यंत "बाहेरची" म्हणायची. आईला बाकी काही कळलं की नाही माहीत नाही, हे शेवटचं बरोबर कळलं.

गंमत म्हणजे एके काळी इथे वाडीसारखं खरंच होतं, फक्त ते टाउनलँडच्या *आत* होतं. त्याला क्लॅकन म्हणतात. दहा-वीस घरं एकमेकांना चिकटून, ना चर्च ना दुकान, बहुतेक सगळे नात्यातले, आणि भोवतालची जमीन सगळ्यांची मिळून, तिचे पट्टे पाडून प्रत्येकाला थोडी चांगली थोडी वाईट वाटून द्यायची, या पद्धतीला रनडेल म्हणायचे. पश्चिमेला, विशेषतः मेयोत, हे खूप होतं. मग १८४५ पासूनचा बटाट्याचा दुष्काळ आला, माणसं मेली, बोटीने गेली, जमीनदारांनी हाकलली, आणि जे उरले त्यांची जमीन पुढे १८९१ मध्ये स्थापन झालेल्या काँजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डाने आणि नंतर लँड कमिशनने, दोन्ही सरकारी, नव्याने आखून दिली, प्रत्येकाला एकसंध पट्टा आणि त्या पट्ट्यावर त्याचं एकट्याचं घर. आज ती एकेकटी घरं टेकडीभर विखुरलेली दिसतात आणि आपल्याला वाटतं हे लोक मुळातच माणूसघाणे असतील. नाहीत हो, त्यांची वाडी मोडली, शिवार राहिलं. अॅकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी अशा मोडलेल्या वस्तीच्या ऐंशी ते शंभर घरांच्या भिंती अजून उभ्या आहेत, मुलांना नेलं होतं, त्यांनी पहिल्यांदा विचारलं की टॉयलेट कुठे आहे.

आता पत्ता. माझा खरा राग इथे आहे. आईच्या व्हिसाच्या वेळी फॉर्मवर मी पत्ता दिला, सासऱ्यांचं नाव, टाउनलँड, जवळचं टाउन, काउंटी. तिकडच्या एजंटचा फोन. मॅडम, घर नंबर? नाहीये. मग रोडचं नाव? रस्त्याला नाव नाहीये. सोसायटी, लँडमार्क काहीतरी? मी म्हटलं अहो पत्ता पूर्ण आहे, याच पत्त्यावर शंभर वर्षं पत्रं येतायत. त्याने स्वतःच्या अकलेने "नियर चर्च" लिहून टाकलं. चर्च पाच किलोमीटरवर आहे.

इथे खेड्यात एकाच टाउनलँडमधल्या सगळ्या घरांचा पत्ता अक्षरशः एकच असतो, आणि आडनावंही बऱ्याचदा एकच, म्हणून पोस्टमनला माणसं पाठ असावी लागतात. माणसंही एकमेकांना स्वतःचं, बापाचं आणि आजोबाचं नाव जोडून ओळखतात, पॅडी टॉम मिक अशा धर्तीवर, आडनाव फक्त सरकारी कागदाला. २०१५ मध्ये एअरकोड आला, सात अक्षरांचा, पहिली तीन विभागाची (मेयोतल्या बॅलिना टाउनकडचं असेल तर एफ२६) आणि पुढची चार त्या एका घराची. आपल्या पिनकोडसारखा अख्ख्या भागाचा नाही, एका दाराचा एक. तेव्हापासून ज्यांना माणसं पाठ नाहीत त्यांचीही सोय झाली, तरी कुरियरवाले फोन करून "मी तुमच्या टाउनमध्ये आलोय, पुढे कुठे" विचारतातच, तेव्हा ते बारा किलोमीटर लांब असतात.

उत्तर आयर्लंडमध्ये याच्या उलट केलं, सत्तरच्या दशकात रस्त्यांना नावं आणि घरांना नंबर देऊन टाउनलँड पत्त्यातून जवळजवळ काढूनच टाकलं, लोक चिडले, फर्माना नावाच्या काउंटीने तर मानलंच नाही. मी फर्मानाच्या बाजूची आहे.

पॅरिश, बॅरनी वगैरे शब्द जुन्या कागदांत येतील. बॅरनी विसरा. पॅरिश म्हणजे पुष्कळ टाउनलँड्स मिळून एक, फक्त सरकारी पॅरिश आणि चर्चचं पॅरिश यांच्या हद्दी जुळत नाहीत एवढं लक्षात ठेवा, फुटबॉल क्लब बहुतेक चर्चच्या पॅरिशप्रमाणे.

आपण मराठी लोक या सगळ्यात जास्त का गडबडतो यावर माझी एक थिअरी आहे. आपल्या आडनावातच गाव असतं. लिओ वराडकर इथे पंतप्रधान झाले तेव्हा आयरिश लोकांना त्या आडनावात काहीच दिसलं नाही, मला लगेच मालवणातलं वराड दिसलं, त्यांच्या वडिलांचं गाव, २०१९ च्या डिसेंबरात ते तिथे जाऊनही आले. आयरिश आडनाव उलट चालतं, ओ आणि मॅक म्हणजे अमक्याचा नातू नाहीतर अमक्याचा मुलगा, त्यातून आजा कळतो, जागा कळत नाही. ती जागा सांगायला टाउनलँड. अमेरिकेतून पाहुणे येतात आणि पबमध्ये सांगतात की आमचे पूर्वज मेयोचे, तेव्हा काउंटरमागचा माणूस मान डोलावतो आणि ग्लास पुसतो, कारण हे "आमचे पूर्वज रत्नागिरी जिल्ह्यातले" म्हटल्यासारखं आहे. टाउनलँड सांगा, मग तो ग्लास खाली ठेवतो. १९०१ आणि १९११ ची जनगणना ऑनलाइन फुकट आहे आणि ती टाउनलँडवार लावलेली आहे, नाव माहीत असेल तर पाच मिनिटांत पणजोबा सापडतात, नसेल तर त्याच नावाचे चाळीस पणजोबा.

नावावरूनही फसू नका. नावात बॅली दिसलं की "बाल्ये" (जागा, गाव) हा आयरिश शब्द धरायचा असं सगळे सांगतात, पण बॅलिना हे "बेअल अन आहा", म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागेचं तोंड, त्यात बाल्ये नाहीच. वर बॅलिना मेयोत आहे तसं टिपररीतही आहे. किल म्हणजे चर्च असेल किंवा जंगलही असेल. १८२४ नंतर सर्व्हेवाल्यांनी इंग्रजी कानाने ऐकून जे स्पेलिंग उतरवलं ते आज नकाशावर आहे, त्यामुळे अर्थ हवा तर आयरिश रूप बघायचं.

पण बाल्ये शब्द मला आवडतो. टाउनलँडलाही तोच, टाउनलाही तोच (डब्लिनचं आयरिश नाव त्यानेच सुरू होतं), आणि घरी आहे म्हणायचं तर "सा वाल्ये", घराकडे निघालो तर "अवाल्ये". आपण "गावी चाललो" म्हणतो तेव्हा लोकसंख्या कुठे मोजतो? एवढ्या एका बाबतीत आईचं "गावात चक्कर मारू" चुकीचं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर तिने सासऱ्यांना आवडतात म्हणून चकल्या थेट मेयोला पाठवल्या. मी एअरकोड लिहायला तीनदा बजावलं होतं. तिने व्हिसावाला जुना कागद काढला आणि "नियर चर्च" सकट उतरवून काढला, वर आडनाव फक्त. पार्सल पोचलं, अगदी बरोबर टाउनलँडमध्ये, त्याच आडनावाच्या तीन घरांपैकी धाकट्या दिराकडे. मला कळलं तेव्हा डबा अर्धा झाला होता, आणि तो म्हणाला पत्त्यात चूक कुठे आहे, दाखव.